टीपॉय आपला, मुंगूसही आपलंच!

आमच्या हुडकेश्वरच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक कॅलेंडर टांगलेलं असतं. तुमच्याकडेही असेलच. दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीचे खाडे, सगळं त्या चौकटींत. माझ्या कॅलेंडरवर मात्र आणखी एक गोष्ट असते. रोजचा एक इंग्रजी शब्द.

सुरुवातीला सासूबाईंना काही कळेना. त्या उमरेडकडच्या. चष्मा लावून म्हणाल्या, "काय वं, दुधाच्या हिशेबात हे काय गिरवून राह्यली?"

"आई, नवीन शब्द शिकून राहिली."

"आता? तुले काय परीक्षा द्याची हाय?"

परीक्षा नव्हती द्यायची. पण एका परीक्षेत मी नापास झाले होते, त्याचं शल्य होतं.

लेक चौथीत होती तेव्हाची गोष्ट. तिच्या इंग्रजी शाळेत पालकसभा होती. यांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी एकटीच गेले. मी मराठी शाळेत शिकलेली. वाचलेलं इंग्रजी बरंचसं समजतं, पण समोरचं माणूस भराभर बोलायला लागलं की माझ्या कानात दडे बसतात. बाई बोलत होत्या आणि मी आपली "यस मॅडम, यस मॅडम" करत होते. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "यस मॅडम." आणि सगळा वर्ग गप्प झाला. त्यांनी विचारलं होतं, तुम्हाला काही विचारायचं आहे का? सगळे माझ्या प्रश्नाची वाट बघत होते!

परत येताना लेक स्कूटीवर मागून हळूच म्हणाली, "आई, पुढच्या वेळी बाबांना पाठवशील?" तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच जास्त लागलं. पुढची चार वर्षं बाबाच गेले.

ती आठवीत गेली आणि शाळेतून प्रकल्प मिळाला. पाच सुंदर आणि वेगळे इंग्रजी शब्द शोधा, अर्थासकट. मी म्हटलं, "मदत करू का गं?" उत्तर आलं, "राहू दे आई, तुला नाही जमणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरली, तिची जाड डिक्शनरी काढली, शेजारी मोबाइल ठेवला आणि बसले. म्हटलं, बघूया तरी!

पहिलाच शब्द सापडला पेट्रिकोर. कोरड्या मातीवर पाऊस पडल्यावर जो वास सुटतो, तो. नागपूरच्या बाईला हा वास काय सांगायचा? नवतपा संपतो, कूलरचं पाणी भरून हात दुखतात आणि एका संध्याकाळी टपोरे थेंब पडतात. तो वास नाकात भरून घ्यायला आपण हातातली पोळी तव्यावर टाकून अंगणात धावतो. इंग्रजीत या वासाला नाव मिळालं ते थेट १९६४ साली. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी हा शब्द घडवला. ग्रीक भाषेतला दगड आणि देवांच्या अंगात वाहणारं रक्त, या दोन शब्दांची जोड आहे ती. केवढी सुंदर कल्पना! पण गंमत पुढेच आहे. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या कनौजला भाजलेल्या मातीचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवून मातीचं अत्तर करतात, याचा उल्लेख त्या शास्त्रज्ञांनीच केला होता. आणि आपल्या मराठीत 'मृद्गंध' होताच की. विंदा करंदीकरांचा 'मृद्गंध' हा कवितासंग्रह १९५४ सालचा. म्हणजे इंग्रजी शब्दाच्या दहा वर्षं आधी हे नाव आपल्या पुस्तकाच्या कव्हरवर छापलेलं होतं!

मला हुरूप आला. मग मी उलटं शोधायला लागले. इंग्रजीत गेलेले आपले शब्द कोणते?

तुमच्या दिवाणखान्यात सोफ्यासमोर टीपॉय आहे ना? त्यावर चहा ठेवतात म्हणून तो टीपॉय, असं मी इतकी वर्षं समजत होते. चहाचा त्याच्याशी मुळात काही संबंध नाही हो! तीन पाय असलेली ती तिपाई. साहेबाने तिचा उच्चार आपल्या पद्धतीने केला, स्पेलिंगमध्ये चहा घुसला आणि आपण तीच तिपाई साहेबाची वस्तू समजून मानाने परत घरात आणली. आपली खाट तिकडे जाऊन कॉट झाली, चिठ्ठी चिट झाली आणि आपल्या बांगडीचीच बहीण तिकडे बँगल म्हणून नांदते आहे.

आमच्या घरामागे अजून एक-दोन मोकळे प्लॉट आहेत. गाजरगवत माजलेलं असतं. त्यातून कधी कधी एक मुंगूस सुळकन पळतं. मुंगसाला इंग्रजीत काय म्हणतात? मॉन्गूस. हा शब्द इंग्रजीने थेट मराठीतून उचलला, असं इंग्रजी शब्दकोशच सांगतात. हिंदीत त्याला नेवला म्हणतात, म्हणजे या शब्दाचा मान मराठीचाच. लेकीने शाळेत स्पेलिंग पाठ केलं होतं, पण हा आपल्याच परसातला प्राणी आहे, हे तिला माहीतच नव्हतं.

तिच्या कपाटात एक डंगरी आहे, तो पट्ट्यांचा पायघोळ पोशाख. ते नाव आलं मुंबईच्या डोंगरीवरून. तिथे जाडंभरडं कापड विकलं जायचं, ते खलाशी आणि कामगार वापरायचे. कामगारांच्या कापडाची झाली फॅशन!

आणि आता माझा सगळ्यात लाडका शब्द. डूलॅली. इंग्रजीत याचा अर्थ डोकं फिरलेला. आणि हा शब्द आला कुठून? आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून! तिथे ब्रिटिश फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत तिथे राहायचे. बोटी फक्त हिवाळ्यातच सुटत. मग महिनोन्महिने काम नाही, वर ऊन, दारू आणि हिवताप. काहींच्या डोक्यावर परिणाम व्हायचा. त्याला ते म्हणायचे 'डूलॅली टॅप'. टॅप म्हणजे दुसरं काही नाही, आपला ताप.

असे शब्द गोळा करणारा एक जाडजूड कोश १८८६ साली दोन ब्रिटिशांनीच तयार केला. यूल आणि बर्नेल त्यांची नावं. त्यात 'बॉबरी' असा एक शब्द आहे, अर्थ गोंधळ, आरडाओरडा. तो कशावरून आला असेल? आपल्या 'बाप रे'वरून! मी एकटीच खुर्चीत बसून हसत सुटले.

संध्याकाळी लेकीसमोर वही ठेवली. पाच हवे होते, माझ्याकडे अकरा होते. ती एकेक वाचत गेली आणि मग म्हणाली, "आई, हे तू शोधलंस?" एवढंच. मला तेवढं पुरलं.

अकरावा शब्द होता सेरेंडिपिटी. एक शोधायला जावं आणि भलतंच काही छान हाती लागावं, तो योग. होरेस वॉलपोल नावाच्या इंग्रज लेखकाने १७५४ साली एका पत्रात हा शब्द प्रथम वापरला. सेरेंदिपच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून त्याने तो घडवला. सेरेंदिप म्हणजे श्रीलंका, आणि त्या नावाच्या मुळाशी संस्कृतातलं सिंहलद्वीप आहे, असं मानतात. मी लेकीचा अभ्यास शोधायला बसले होते. मला काय मिळालं, ते तुम्हाला कळलंच असेल.

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून इंग्रजीची माझी भीती पूर्ण गेली, असं मी म्हणणार नाही. पण दरारा उतरला. जी भाषा दारोदार फिरून तिपाई, खाट, बांगडी गोळा करत हिंडली, तिच्यापुढे आपण मान खाली घालून का उभं राहायचं? आणि तिच्याकडे नाही असं कितीतरी आपल्याकडे आहे. 'माहेर'ला इंग्रजीत एक शब्द सांगा बरं! आईचं घर म्हटलं तरी त्यात ती ओढ येत नाही. 'उष्टं' सांगून बघा. अख्खं वाक्य लागतं.

पुढच्या पालकसभेला मीच गेले. इंग्रजीत तीन वाक्यं बोलले. एक चुकलं, 'डिड'च्या पुढे 'वेंट' लावलं. कोणी हसलं नाही. हसलं असतं तरी चाललं असतं. बाईंना माझा प्रश्न कळला आणि मला त्यांचं उत्तर. स्कूटीवर लेक मागून म्हणाली, "आई, तिथे 'गो' म्हणायचं असतं." म्हटलं, "बरं. आणि पुढच्या वेळी कोणाला पाठवायचं?" ती काही बोलली नाही. नुसती पाठीला चिकटून बसली.

तुम्हीही करून बघा. रोज एकच शब्द, कॅलेंडरच्या चौकटीत. मोठ्याने म्हणायचा आणि दिवसातून एकदा तरी वापरायचा. चुकला तर चुकला, भाजीतही मीठ कधी चुकतंच ना?

आता तर सासूबाईच सकाळी विचारतात, "आज कोनता शब्द हाय वं?" परवा ऐन मे महिन्यात भर दुपारी दोन तास लाइट गेली. कूलर बंद. पदराने वारा घेत त्या म्हणाल्या, "आता नाही सोसत बाप्पा. मी डूलॅली होऊन राह्यली!"