फोटोंची रास आणि शाळेचं संकेतस्थळ

शाळेचं स्नेहसंमेलन आटोपतं. गुरुजींनी मोबाइलवर ४० फोटो काढलेले असतात. ते तसेच्या तसे संकेतस्थळावर चढतात, आणि वाडीवरची एखादी आई कौतुकानं पान उघडून बसते. मांडवाची वरची झालर तेवढी दिसते. खाली नाचणारी लेक काही केल्या उतरत नाही.

दोष नेहमीच रेंजचा नसतो. हिशेब करून पाहा. मोबाइलचा एक फोटो सहज ४ मेगाबाइटचा भरतो. ४० फोटोंचे झाले १६०. सेकंदाला २ मेगाबिट अशा बेताच्या वेगानं ते यायला साडेदहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. (एक बाइट म्हणजे आठ बिट. हा आठाचा गुणाकार विसरून पुष्कळांचा हिशेब चुकतो.) शिवाय डेटा खर्चतो तो पाहणाऱ्याचा.

आता गंमत अशी की, एवढ्या मोठ्या फोटोची तिथं गरजच नसते. साधारण फोटो ४००० ठिपके रुंद आणि ३००० उंच असतो. पडद्यावर पाहायला १२०० रुंदी पुरे. त्या प्रमाणात उंची ९०० होते, आणि ठिपके १ कोटी २० लाखांवरून १० लाख ८० हजारांवर येतात. म्हणजे जवळजवळ अकरावा हिस्सा. जेपेगची प्रत ७५-८० च्या आसपास ठेवली, तर बहुतेक फोटो २०० किलोबाइटच्या आगेमागे बसतो. सगळे मिळून ८ मेगाबाइट. अर्ध्या मिनिटाचं काम.

पण ४० फोटो एकेक करून कोण बसवणार? म्हणून सगळी रास एकदम घालायची. विंडोजवर इरफानव्ह्यूमध्ये ही सोय आहे. दुसरा इमेजमॅजिक, ड्यूपाँट कंपनीतल्या जॉन क्रिस्टी यांनी तो १९८७ साली लिहायला घेतला, आणि १९९० साली सर्वांना मोफत खुला झाला. नियम एकदा सांगायचा, तो साऱ्या फोटोंना लागतो.

धोका आहे तो इथंच. नियम चुकला, तर तोही साऱ्यांनाच लागतो. इमेजमॅजिकची 'मॉग्रिफाय' ही आज्ञा निराळी जागा सांगितली नाही, तर मूळ फोटोवरच नवा लिहिते. माझ्याच हातून एकदा गावातल्या जुन्या फोटोंच्या स्कॅन केलेल्या प्रती अशा ३०० ठिपक्यांच्या होऊन बसल्या. पुढं चौकटीत लावायला एक फोटो मोठा छापायचा ठरला, तेव्हा माणसांचे चेहरेच ओळखू येईनात. लहान केलेला फोटो पुन्हा मोठा केला, तरी गेलेले ठिपके परत येत नाहीत. दळणाआधी आपण बियाणं बाजूला काढतो ना, तसे मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि नक्कलांवरच काम करा.

आणखी एक सांगायचं. मोबाइल फोटोच्या पोटात काही नोंदी लपवतो. एक नोंद, फोटो कसा वळवून दाखवायचा त्याची. आणि कॅमेऱ्यात ठिकाण टिपण्याची सोय चालू असेल, तर तो कुठं काढला त्याचीही. मुलांच्या घरी काढलेले फोटो असतील, तर ही दुसरी नोंद जगाला देण्याचं कारण नाही, ती पुसावी. मात्र क्रम चुकवू नका. आधी फोटो प्रत्यक्ष वळवून घ्यायचा, मग नोंदी पुसायच्या. उलट केलंत तर उभे फोटो आडवे पडतात, आणि मुख्याध्यापक भाषण करताना निजलेले दिसतात!

वेळापत्रक, नकाशा, रेघांची चित्रं यांना हा नियम लावू नये. जेपेगमध्ये अक्षरांच्या कडा धुरकटतात. त्यांना पीएनजी बरं.

पहिल्या खेपेला तीन-चारच फोटो घाला: एक उभा, एक आडवा, एक अंधारातला. ते नीट उतरले की सारी रास. मग शाळेचं वायफाय बंद करून, साध्यातल्या साध्या मोबाइलवर, वाडीच्या टोकाला उभं राहून ते पान उघडून पाहा.