विमानपुऱ्याचे चेतक आणि चीता

बंगळुरूच्या जुन्या विमानतळ रस्त्याने मराठहळ्ळीच्या दिशेला निघालं की काचेच्या इमारतींची गर्दी मध्येच तुटते आणि कारखान्याची लांबलचक भिंत लागते. टपाल खात्याच्या लेखी हा भाग विमानपुरा. मे २००८ मध्ये प्रवासी वाहतूक देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली. तोवर विमानाने बंगळुरूला येणारा जो तो इथेच उतरत असे, पण ही धावपट्टी मुळात प्रवाशांसाठी नव्हतीच. ती हिंदुस्तान एरोनॉटिक्सची, म्हणजे एचएएलची. शेजारून जाणाऱ्या एका रस्त्याला सुरंजन दास यांचं नाव आहे. मारुत या लढाऊ विमानाचं पहिलं उड्डाण त्यांनी केलं आणि १९७० मध्ये मारुतच्याच चाचणीत त्यांचा जीव गेला.

या कारखान्याच्या मुळाशी एक सोलापूरकर आहे. वालचंद हिराचंद यांनी जहाजं चालवली, बोगदे खणले, साखर कारखाना काढला, पुढे मोटारीही बांधल्या. १९३९ साली पॅसिफिकवरच्या एका विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यापाऱ्याशी गाठ पडली आणि गप्पांमधून विमान कारखान्याची कल्पना निघाली. दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या मैसूर सरकारने जमीन दिली, भांडवलातही वाटा उचलला. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली आणि पुढच्याच वर्षी हार्लो जातीचं पहिलं विमान इथून उडालं. पण जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या आणि युद्धासाठी कारखाना आपल्या मुठीत हवा असं इंग्रज सरकारला वाटू लागलं. एप्रिल १९४२ मध्ये वालचंद शेठजींचे भाग सरकारने विकत घेतले. कारखाना उभा राहिला तोवर मालक बाहेर! नंतर अमेरिकन हवाई दलाने इथे आपल्या विमानांची दुरुस्ती केली, आणि युद्ध संपल्यावर हातांना काम हवं म्हणून याच शेडमध्ये रेल्वेचे डबेही तयार झाले.

विमानांचे खासगी कारखाने सरकारजमा करण्याचा प्रयोग फ्रान्सने सहा वर्षं आधी केला होता. १९३६ साली लेआँ ब्लुम यांच्या आघाडी सरकारने ते ताब्यात घेऊन प्रदेशवार सरकारी कंपन्या काढल्या. त्यांतल्या आग्नेय आणि नैर्ऋत्य प्रदेशांच्या कंपन्या १९५७ मध्ये एक होऊन ‘स्यूद एव्हिएशन’ झाली. काराव्हेल हे जेट प्रवासी विमान तिचं आणि काँकॉर्डमधला फ्रेंच वाटाही तिचाच. १९७० साली तिचं ‘एरोस्पास्याल’ झालं, १९९२ मध्ये हेलिकॉप्टरचा विभाग जर्मनांशी जुळून ‘युरोकॉप्टर’ झाला, आणि आता दारावर ‘एअरबस हेलिकॉप्टर्स’ अशी पाटी आहे. बंगळुरूकरांचा या घराण्याशी करार झाला तो १९६२ साली, स्यूद एव्हिएशनच्या काळात.

करार होता अल्युएत-३ या हेलिकॉप्टरचा. इथवर बंगळुरूने हेलिकॉप्टर बांधलेलं नव्हतं. विमानं मात्र स्वतः आखून बांधली होती आणि त्यात डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा हात मोठा. कोल्हापूरकडचे घाटगे जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. परतल्यावर बंगळुरूच्याच विज्ञान संस्थेत त्यांनी विमानशास्त्राचा विभाग उभा केला आणि एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान आखलं, जे ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. किरण हे जेटही त्यांचंच. विमानपुऱ्यात आज त्यांच्या नावाचं सभागृह आहे.

अल्युएत भारतात आली आणि राणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाने चेतक झाली. (पुण्यात चेतक म्हटलं की स्कूटर डोळ्यांसमोर येते, पण हेलिकॉप्टर स्कूटरच्या आधीचं आहे.) १९६५ मध्ये पहिलं चेतक इथून बाहेर पडलं. सुरुवातीला फ्रान्सहून सुटे भाग यायचे आणि इथे जोडणी व्हायची. मग हळूहळू पत्रा कापण्यापासूनची कामं इथेच होऊ लागली आणि आर्टूस्ट हे इंजिनही बंगळुरूतच बनू लागलं. पुढच्या बाजूला मोठी काच, आत सात माणसांची जागा, खाली तीन चाकं आणि पाठीवर झाकण नसलेलं उघडं इंजिन. दिसायला काही देखणं नाही. पण पूरग्रस्तांना उचलणं, जखमींना इस्पितळात पोचवणं, नौदलाच्या जहाजावर उतरणं या कामांत त्याने कधी तक्रारीला जागा दिली नाही. ३ डिसेंबर १९७१च्या रात्री बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीच्या वैमानिकांनी नारायणगंजचा तेलसाठा पेटवला तोही रॉकेटं बसवलेल्या अल्युएतमधूनच.

या कारखान्याची खरी कमाई मात्र चीता आहे, असं माझं मत. चीनबरोबरच्या १९६२च्या युद्धानंतर आपल्या सैन्याला हिमालयाच्या उंचीवर चालेल असं हेलिकॉप्टर हवं होतं. ती गरज समोर ठेवून फ्रेंचांनी १९६९ साली ‘लामा’ बनवलं, तेच आपलं चीता. जुन्या अल्युएत-२चा हलका सांगाडा घेतला आणि त्यावर अल्युएत-३चं इंजिन व पंखे चढवले. शेपटी म्हणजे नुसती नळ्यांची उघडी जाळी, पत्र्याचं वजनही नको म्हणून. मेख इंजिनात आहे. आर्टूस्टची क्षमता ८७० अश्वशक्तीची, पण चीतात ते ५५०वर रोखलेलं असतं. खाली मैदानात ही उधळपट्टी वाटेल. उंचावर हवा विरळ होत जाते तसा इंजिनाचा दम कमी होतो, तेव्हा हीच राखलेली ताकद कामी येते. जून १९७२ मध्ये वैमानिक जाँ बूले यांनी लामा १२,४४२ मीटरवर नेलं. तिथे इंजिन बंद पडलं आणि बूले केवळ फिरत्या पंख्यांच्या आधारावर तरंगत खाली उतरले. बंगळुरूचा लामासाठीचा करार १९७०चा, आणि पहिलं चीता तयार झालं ते त्याच १९७२ साली.

बारा वर्षांनी त्याची कसोटी लागली. १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचीनच्या बिलाफोंड ला या खिंडीवर चीता तरंगत होतं आणि त्यात कॅप्टन संजय कुलकर्णी होते. खालचा बर्फ माणसाचं वजन पेलेल की नाही, कोण सांगणार? त्यांनी आधी कणकेचं पोतं खाली टाकलं. पोतं रुतलं नाही तेव्हा उडी मारली. सियाचीन ताब्यात घेण्याच्या ऑपरेशन मेघदूतची सुरुवात ती. तेव्हापासून वीस हजार फुटांवरच्या चौक्यांना रॉकेल, औषधं आणि पत्रं पोचवायची आणि हिमदंशाने जायबंदी झालेल्या जवानांना खाली आणायचं, हे काम चीता करत आलं आहे. तिथे उतरायची जागा म्हणजे बर्फात सपाट केलेला तुकडा. किती किलो सामान न्यायचं याचा हिशेब वैमानिक दर खेपेला नव्याने करतो आणि उरलेलं पुढच्या खेपेला.

रस्त्यालगत २००१ साली उघडलेलं एचएएलचं वारसा केंद्र आणि विमान संग्रहालय आहे. आत दशकवार छायाचित्रं आणि इंजिनांचं दालन, बाहेर झाडांखाली मारुत, कॅनबेरा, मिग. मारुतपाशी गर्दी जास्त असते आणि ते साहजिक आहे, कारण लढाऊ विमानात रुबाब असतो. पण मारुतची सगळी कहाणी पाव शतकात आटोपली. चेतक आणि चीता पन्नासहून अधिक वर्षं राबत आहेत.

ही गोष्ट अभिमानाची म्हणावी की नामुष्कीची, याचा निकाल मला लागत नाही. फ्रान्समध्ये अल्युएत-३चं उत्पादन केव्हाच थांबलं. बंगळुरूने मात्र २०१५ साली सुरीनामला तीन कोरी चेतक दिली. मूळ घरी वाट बंद झाली तरी इथले हात ते यंत्र बांधू शकतात, हे कौशल्य खरंच. पण १९५०च्या दशकात आखलेलं यंत्र अजून सैन्याच्या भरवशाचं आहे याचा अर्थ त्याच्या जागी दुसरं वेळेत आलं नाही, असाही होतो. एका इंजिनाचं हे हेलिकॉप्टर डोंगरात बिघडलं तर वैमानिकाच्या हाती फारसं काही उरत नाही. २०१५ मध्ये सैन्याधिकाऱ्यांच्या पत्नी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना भेटल्या आणि ही जुनी हेलिकॉप्टरं आता थांबवा, असं त्यांनी मागितलं. त्यांच्या मागणीत अतिशयोक्ती नव्हती.

बदली यंत्रही विमानपुऱ्यातच आखलं गेलं. ‘एलयूएच’ या हलक्या हेलिकॉप्टरचं पहिलं उड्डाण ६ सप्टेंबर २०१६ रोजी झालं. त्याच्या उत्पादनासाठी तुमकुरू जिल्ह्यात गुब्बीजवळ ६१५ एकरांवर नवा कारखाना उभा राहिला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आराखडा सगळा आपला, सांगाडा आपला, पंखेही आपलेच. इंजिन ‘शक्ती’. ते एचएएलने ज्या कंपनीबरोबर मिळून घडवलं, ती पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याची तुर्बोमेका. चेतकचं आर्टूस्ट इंजिनही मुळात तिचंच.