जुन्या स्क्रूची खाच

मानेतला ढिला झालेला स्क्रू एक्स-रेवर ओळखू येतो. त्याच्याभोवती काळसर कड दिसते. तिथलं हाड विरलेलं असतं. नारायणगडाच्या पायथ्याच्या गावातून आलेल्या मावशींच्या फिल्मवर ती कड होती, आणि खालचा स्क्रू प्लेटमधून वर येऊन अन्ननलिकेला टेकला होता. "घास इथंच आडकतोय, आन् भाकर थापायला हात चालंना," त्या म्हणाल्या. जन्म ऊसतोडीत गेलेला, दातांना रोजची मिश्री.

चकती काढल्यावर दोन मणक्यांमध्ये हाडाचा तुकडा बसवतात. तो सांधेपर्यंत मान धरून ठेवणं, एवढंच प्लेटचं काम. हाड सांधलंच नाही तर रोजच्या हालचालीनं स्क्रू कधीतरी ढिला होतो, नाहीतर प्लेट तुटते. तंबाखू, मधुमेह, ठिसूळ हाडं ही नेहमीची कारणं. मुंबईच्या केईएममध्ये असताना डॉ. अतुल गोयल यांनी मानेचे वरचे दोन मणके प्लेट-स्क्रूनं जोडण्याची पद्धत 1994 साली प्रसिद्ध केली, ती जगभर गेली. पण तिथंही शेवटी हाडच सांधावं लागतं.

असा स्क्रू काढायच्या दुसऱ्या ऑपरेशनाआधी घशाचे डॉक्टर दुर्बिणीतून स्वरतंतू पाहतात. एका बाजूचा आधीच लुळा असेल, तर दुसऱ्या बाजूनं मान उघडणं धोक्याचं. त्या बाजूच्या स्वरतंतूची नसही दुखावली तर श्वास कोंडतो. मावशींचे दोन्ही हलत होते.

ऑपरेशन थिएटरात ट्रॉली लावणं माझं काम. अन्ननलिका प्लेटला चिकटली होती. नाकातून घातलेली नळी बोटाला लागे, त्या अंदाजानं सर्जन सर अन्ननलिका हळूहळू सोडवत गेले. कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. मग प्लेट दिसली आणि आम्हाला आधीपासून धास्ती होती ती वेळ आली. स्क्रूच्या डोक्याची खाच कंपनीगणिक वेगळी असते. जुळता ड्रायव्हर नसेल तर खाच झिजते, मग मज्जारज्जूच्या इतक्या जवळ ड्रिल चालवून स्क्रू काढावा लागतो. इम्प्लांटची कंपनी आणि माप सांगणारं स्टिकर पहिल्या ऑपरेशनच्या फाइलमध्ये असतं. मावशींची फाइल पावसात भिजून गेली होती. म्हणून एक्स-रेवरून अंदाज बांधून आम्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट निर्जंतुक करून ठेवले होते. त्यातला एक ड्रायव्हर बसला. मग कमरेच्या हाडाचा तुकडा, नवी प्लेट, आणि मागच्या बाजूनं रॉड.

घरात कुणाच्या मानेत, कमरेत, गुडघ्यात धातू बसवला असेल तर डिस्चार्ज कार्डासोबत त्या स्टिकरची झेरॉक्स मागून घ्या. फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलात ठेवा. तोडीला गाव सोडणाऱ्यांनी तर नक्कीच.