आण्यांचे पैसे आणि यंत्राचा हिशेब

आपट्याचे पान दसऱ्याच्या संध्याकाळी सोने होते. आमच्या गावाचे नावच आपटा, तेव्हा हे आम्हांला कोणी सांगावयास नको. देणारा सोने म्हणून देतो, घेणारा सोने म्हणून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी पनवेलच्या सराफाने ते तराजूत घालावे अशी अपेक्षा दोघांपैकी कोणीच करीत नाही. कोणती वस्तू कोठे काय म्हणून चालते, हे माणसाला न सांगता कळते.

संगणकाला ते कळत नाही. त्याच्या लेखी हा आकडा, हा मजकूर, ही तारीख, असे प्रत्येक नगाचे प्रकार असतात. (याला 'जात' असाही शब्द वापरतात, आम्ही संघटनेची माणसे, आम्हांला तो रुचत नाही.) काही भाषांत हा प्रकार आधी लिहून द्यावा लागतो. पण ज्यांना स्क्रिप्टच्या भाषा म्हणतात, उदाहरणार्थ १९९१ साली प्रसिद्ध झालेली पायथन किंवा १९९५ सालची जावास्क्रिप्ट, त्यांत तशी सक्ती नाही. काम चालू असतानाच यंत्र प्रकार ठरवते. जावास्क्रिप्ट तर त्यापुढे जाऊन, न विचारता, एक प्रकार दुसऱ्यात बदलूनही टाकते.

याचा परिणाम काय होतो पाहा. ५ हा मजकूर म्हणून लिहिला आहे आणि ३ हा आकडा आहे. जावास्क्रिप्टला सांगा, यांची बेरीज कर. उत्तर येते ५३. कारण तेथे अधिकचे चिन्ह मजकूर दिसताच जोडणीचे काम करू लागते. त्याच दोघांची वजाबाकी सांगा, तर उत्तर २. मजकुरातून मजकूर वजा होत नाही, म्हणून यंत्राने मुकाट्याने ५ चा आकडा करून घेतला. पायथन अशी बेरीज साफ नाकारते आणि काम थांबवते. पण तिलाही फार साधी समजू नये. मजकुरातल्या ५ ला ३ ने गुणावयास सांगितले, की ती ५५५ असे उत्तर देते!

आता हे प्रकरण मजुरीच्या पत्रकात शिरले म्हणजे काय होते? एका कारखान्यात कायम कामगारांचे बिल्ला नंबर साधे होते, आणि कंत्राटी कामगारांच्या नंबरांमागे ओळखीसाठी शून्य लावलेले होते. यंत्राने नंबर पाहिला, तो आकडाच आहे असे ठरवले, आणि आकड्यामागच्या शून्याला किंमत नसते म्हणून ते पुसून टाकले. ०४१२ आणि ४१२ ही दोन माणसे एक झाली. एकाचा ओव्हरटाइम दुसऱ्याच्या नावावर गेला. दोघांना समोरासमोर बसवून, मस्टर उघडून, तो हिशेब आम्हांला हाताने सोडवावा लागला. बिल्ला नंबराची कोणी बेरीज करीत नाही. तो आकड्यांनी लिहिलेला मजकूर आहे.

म्हणून चाचणी हवी. चाचणी म्हणजे यंत्राला प्रश्न घालून उत्तर बरोबर दिसते की नाही हे नजरेने पाहणे नव्हे. उत्तर आधी कागदावर, हाताने काढलेले पाहिजे. यासाठी आपल्या इतिहासातलाच एक सुंदर नमुना आहे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुन्या सोळा आण्यांना शंभराने बसवावयाचे, म्हणजे एक आणा सव्वासहा नव्या पैशांचा. अपूर्णांक अर्धा किंवा कमी असेल तर सोडावा, अर्ध्याहून जास्त असेल तर एक धरावा, असा नियम ठरला. एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, सहा आण्यांचे ३७. आता एकेक आणा सहा वेळा बदला, तर हाती ३६ येतात. पुरा रुपया आण्याआण्याने बदलला, तर शंभराऐवजी ९६! बेरीज आधी की रूपांतर आधी, या प्रश्नात मजुराचे चार पैसे अडकलेले असतात.

हेच काम यंत्राला द्या. दोन आण्यांचे साडेबारा होतात. पायथनची पूर्णांक करण्याची रीत अशी, की बरोबर अर्धा उरला तर जवळच्या सम आकड्याकडे जावे. म्हणून ती १२ देते. कोष्टकाशी जुळले. एवढ्यावर जो चाचणी संपवील, त्याला सहा आणे दाखवा. साडेसदतीसचे पायथन ३८ करते, आणि कोष्टकात ३७ आहेत. दहा आण्यांना पुन्हा जुळते, चौदाला पुन्हा चुकते. जावास्क्रिप्ट नेहमी वर जाते, म्हणून या चारही ठिकाणी ती एकेक पैसा जास्त देते. तेव्हा सोळाच्या सोळा ओळी तपासाव्या लागतात. सोळाच तर आहेत.

मोठ्या ठिकाणीही हा कंटाळा महाग पडला आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. ६४ बिटांचा अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात घालताना तो मावला नाही. तो भाग आधीच्या एरियान-४ साठी लिहिलेला होता, आणि नव्या रॉकेटच्या मार्गातले आकडे घालून तो तपासलेला नव्हता.

आपल्याकडे एक जास्तीची ओळ लागते. वरचे सगळे आकडे यंत्राला इंग्रजी अंकांत द्यावयाचे. मराठी मस्टरातले ४१२ जसेच्या तसे दिले, तर पायथन ते आकडा म्हणून बिनतक्रार घेते. जावास्क्रिप्ट 'हा आकडाच नव्हे' असे कळवते.

आणि कोरा रकाना? पायथन त्याचा आकडा करावयास नकार देते. जावास्क्रिप्ट त्याचे शून्य करते, म्हणजे ज्याचा दर लिहावयाचा राहिला त्याची मजुरी शून्य निघते आणि पत्रक न अडखळता छापले जाते. त्या ओळीसमोर अपेक्षित उत्तर म्हणून शून्य लिहावयाचे की 'थांबा, विचारा' असे लिहावयाचे, हे कार्यक्रम लिहिणाऱ्या मुलाने एकट्याने ठरवू नये. हजेरी भरणाऱ्या कारकुनाला आणि ज्याची मजुरी आहे त्याला आधी विचारावे, आणि मग ती ओळ चाचणीत घालावी.