ध्रुवताऱ्यावरून काळ ओळखणारी मुलं

उज्जैनच्या ८५ फुटी मनोऱ्यावरच्या वैदिक घड्याळाची चर्चा २९ फेब्रुवारी २०२४ च्या लोकार्पणापासून थांबलेली नाही. २०२८ चा सिंहस्थ जवळ येईल तशी ती वाढतच जाणार. शून्य रेखावृत्त ग्रीनिचचं की उज्जैनचं, हा वाद मोठ्यांनी खुशाल घालावा. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत शून्य रेखावृत्त ग्रीनिचला गेलं. ते परत येईल असं मला वाटत नाही आणि त्याची खंतही वाटत नाही. त्या मनोऱ्याकडे पाहताना मला एका मराठी कादंबरीची सुरुवात दिसते. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठीची, कालप्रवासाची साहसकथा.

सूर्योदय ते सूर्योदय ३० मुहूर्त, प्रत्येक ४८ मिनिटांचा, असा या घड्याळाचा हिशेब आहे. मग एकतिसावा मुहूर्त लागला तर? फिलिपा पियर्स या इंग्रज लेखिकेने १९५८ साली असाच प्रश्न विचारला होता. ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’मध्ये जुनं घड्याळ रात्री तेरा ठोके देतं आणि टॉम परसदार उघडून गतकाळातल्या बागेत पोचतो. त्याच्याही आधी, १९०६ मध्ये, ई. नेस्बिटने चार भावंडांना एका ताइतातून थेट बॅबिलोनला नेलं. त्यासाठी तिने ब्रिटिश म्युझियममधले प्राचीन इजिप्तचे जाणकार वॉलिस बज यांची मदत घेतली आणि पुस्तक त्यांनाच अर्पण केलं. मुलांच्या गोष्टीसाठी एवढी मेहनत घ्यावी लागते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडेही अशा गोष्टीचं बीज आहे. जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही पहिली कथा १९७४ ची. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ तर इंग्रजी रूपात एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात गेली. विश्वासराव वाचले असते तर, या एका प्रश्नावर सगळा इतिहास वळतो. पण तिचा नायक प्रौढ प्राध्यापक आहे. बारा वर्षांच्या मुलाला बनेश ऊर्फ ‘फास्टर’ फेणेसारखा, स्वतः धावणारा आणि धडपडणारा, आपल्या वयाचा नायक लागतो. फास्टर फेणे निर्माण करणारे भा. रा. भागवत जन्मले इंदूरला, उज्जैनहून तासाभराच्या वाटेवर. भागवतांची धाव आणि नारळीकरांचं विज्ञान एका पुस्तकात आलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

उज्जैन त्यासाठी सर्वांत योग्य का, ते सांगतो. कालप्रवासाच्या बहुतेक गोष्टींत मुलं भूतकाळात पडली की कुणीतरी भेटतं, सनावळी सांगतं आणि इतिहासाचा तास सुरू होतो. उज्जैनमध्ये कुणी सांगायची गरज नाही. मुलांनी वर पाहावं. आज ध्रुवतारा उत्तर खगोलीय ध्रुवापासून पाऊण अंशापेक्षाही जवळ आहे. रात्रभर तो जवळपास हलत नाही. पण पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळे हे अंतर बदलत जातं. माळव्याचा सुभेदार असलेल्या सवाई जयसिंगाने इथली वेधशाळा उभारली, त्या अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते सुमारे २ अंश होतं. सहाव्या शतकात, अवंतीच्या वराहमिहिराच्या काळात, आठ-नऊ अंश. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे वराहमिहिराच्या उज्जैनमध्ये उतरलेल्या मुलीला ध्रुव संध्याकाळी एका जागी आणि पहाटे दीड मूठ सरकलेला दिसू शकेल. अढळ तारा ढळतो आहे हे पाहून ती जे ताडेल, ते कुठल्याही राजाच्या दरबारी संवादापेक्षा थरारक असेल.

काळ कळला, आता तारीख. त्यासाठी शंकू. सपाट ओट्यावर उभा खांब आणि त्याची सावली, बस्स. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी लगत आहे, म्हणून २१ जूनच्या मध्यान्ही ती सावली जवळजवळ नाहीशी होते आणि २२ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लांब पडते. वेधशाळेतलं शंकुयंत्र १९३७ मधलं. ते उभारणारे गोविंद सदाशिव आपटे हे इथले पहिले अधीक्षक. पडझड झालेल्या या वेधशाळेचा ग्वाल्हेरच्या महाराज माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये जीर्णोद्धार केला, त्यामागे आपट्यांचीही तळमळ होती. जयसिंगाची यंत्रं पुन्हा चालती करणारा हा मराठी ज्योतिर्विद आपल्या मुलांना नावानेही ठाऊक नाही, हे मला लागतं. १९२३ च्या त्या आवारात, चुना-विटांच्या ढिगाऱ्यापाशी दोन मुलं अचानक उगवली आणि त्यांना आपटे भेटले, तर माझ्या मते कादंबरीतलं सर्वांत चांगलं प्रकरण ते ठरेल.

आणि गोष्टीत घोटाळाही हवा. वेधशाळेतल्या सम्राट यंत्राची, म्हणजे भल्यामोठ्या सूर्यघड्याळाची, सावली उज्जैनची स्थानिक वेळ दाखवते. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, उज्जैन ७५.७ च्या आसपास. फरक सरासरी २७ मिनिटांचा. मनगटी घड्याळ आणि दगडी घड्याळ जुळत नाहीत. परतीचा मुहूर्त चुकवायला एवढं पुरे.

‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांच्या हातात आहे. क्रमशः कादंबरीसाठी याहून चांगली जागा नाही. लेखकांनी हे मनावर घ्यावं आणि लिहिण्याआधी खगोलमंडळातल्या एखाद्या जाणत्याकडून गणित तपासून घ्यावं. पालकांनाही सांगणं आहे. आपण इंदूरला उतरतो, महाकालाचं दर्शन घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरतो. यंदा मुलांना जयसिंगपुऱ्याच्या वेधशाळेत न्या, तेही भर दुपारी, सावली पडलेली असताना.