सव्वापाच फुटी रुळांचा छोटा बाजार

आयर्लंडची रेल्वे ५ फूट ३ इंच अंतराच्या रुळांवर धावते. १८३४ साली सुरू झालेल्या डब्लिन–किंग्जटाउन मार्गाने इंग्लंडमधले ४ फूट ८½ इंचांचे माप उचलले होते, अल्स्टर रेल्वेने ६ फूट २ इंच धरले आणि डब्लिन–ड्रॉहेडा कंपनीने ५ फूट २ इंच. हा घोळ वाढत गेला तेव्हा लंडनच्या बोर्ड ऑफ ट्रेडने मेजर जनरल पास्ली यांच्याकडे निवाडा सोपवला. त्यांनी मधले माप सुचवले आणि १८४६च्या कायद्याने ते पक्के झाले. हे माप पुढे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात आणि ब्राझीलमध्ये गेले, पण युरोपात आयर्लंड एकटेच राहिले. त्यामुळे ब्रिटनचे इंजिन बोटीत चढवून डब्लिनला उतरवले तरी ते तसेच चालवता येत नाही, आधी त्याची चाके बदलावी लागतात. खऱ्या रेल्वेचा हा वेगळेपणा तिच्या लहान प्रतिकृतींच्या बाजारातही उतरला आहे. ब्रिटिश किंवा जर्मन गाड्यांची मॉडेले करणाऱ्या मोठ्या कंपन्यांना आयरिश गाडी कधी मनापासून करावीशी वाटली नाही. संपूर्ण बेटाची लोकसंख्या सत्तर लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या मुंबईपेक्षाही बरीच कमी. त्यातले मॉडेल रेल्वेचे हौशी ते किती असणार!

म्हणून आयरिश मॉडेलांचा संग्राहक पहिल्यापासून परदेशी विक्रेत्यांवर विसंबून आहे. डब्लिनच्या हौशी माणसाला हवा असलेला डबा इंग्लंडमधल्या एखाद्या दुकानात पडून असतो, बेलफास्टकडचे इंजिन जर्मनीतल्या लिलावात निघते आणि आयर्लंड सोडून कॅनडा-ऑस्ट्रेलियात गेलेल्यांना तर सगळेच बाहेरून मागवावे लागते. मिळणे कठीण असल्यामुळे या मंडळींमध्ये एक समज घट्ट बसला आहे: जे दुर्मीळ ते मौल्यवान, आणि लिलावात मोठ्या बोलीने मिळवले तर अधिकच. मला हा समज चुकीचा वाटतो. इतक्या छोट्या बाजारात वस्तू दुर्मीळ असणे हा तिच्या गुणवत्तेचा पुरावा होत नाही. बहुतेक वेळा त्यातून एवढेच कळते की कोणीतरी ती थोडी बनवली आणि पुढे बनवायचे सोडून दिले. पैसे मोजायचे ते मॉडेल खऱ्या गाडीशी किती जुळते हे पाहून, आणि जमेल तिथे जुन्या दुर्मीळ वस्तूऐवजी नव्या वस्तूच्या आगाऊ नोंदणीसाठी.

दुर्मीळतेच्या मोहाचे सर्वांत बोलके उदाहरण इटलीच्या लिमा कंपनीचे. या कंपनीने आपल्या ब्रिटिश क्लास ३३ डिझेल इंजिनाचे तयार मॉडेल घेतले, त्यावर आयर्लंडच्या सरकारी वाहतूक कंपनीची, म्हणजे सीआयईची, नारिंगी-काळी रंगसंगती चढवली आणि आयरिश इंजिन म्हणून विकले. असे इंजिन आयर्लंडच्या रुळांवर कधीच नव्हते. हा बनाव अगदीच हवेतला नव्हता हे मात्र मान्य करायला हवे. क्लास ३३ बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यानेच १९५६-५७ मध्ये सीआयईसाठी १२ इंजिने बांधली होती आणि दोन्हींच्या पोटात सुल्झर कंपनीचेच यंत्र होते. पण चाकांची मांडणी, अंगाची ठेवण, चालकाच्या खोलीचा चेहरा, सगळे वेगळे. आज हे लिमाचे इंजिन जुन्या खोक्यासकट सापडले की ‘दुर्मीळ आयरिश’ अशी पाटी लावून विकले जाते. बालपणीची आठवण म्हणून कोणी ते घेत असेल तर माझी तक्रार नाही, मात्र आयरिश रेल्वेचे मॉडेल म्हणून त्याची किंमत रंगाच्या डब्याइतकीच.

याच्या उलट बाखमन कंपनीची एन वर्गाची वाफेची इंजिने पाहा. तीही मुळात ब्रिटिश मॉडेले, त्यांनाही आयरिश रंग देऊन विकले गेले, पण इथे इतिहास मॉडेलाच्या बाजूने उभा आहे. या इंजिनाचा रचनाकार रिचर्ड मॉन्सेल डब्लिनजवळच्या रहेनीचा. इंचिकोरच्या रेल्वे कारखान्याचा तो प्रमुख होता आणि १९१३ साली इंग्लंडमधल्या ॲशफर्डला गेला. पहिल्या महायुद्धानंतर हातांना काम मिळावे म्हणून वुलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्याने त्याच्या या इंजिनाचे सुटे भाग बनवायला घेतले. गिऱ्हाईक मिळेना तेव्हा त्यातले काही भाग आयर्लंडच्या कंपन्यांनी विकत घेतले आणि १९२५ ते १९३० दरम्यान त्यांतून २६ इंजिने जोडली. चाके अर्थातच सव्वापाच फुटांना बसतील अशी केली. ही ‘वुलिच’ इंजिने आयर्लंडमध्ये पुढे अनेक वर्षे राबली. लिमा आणि बाखमन यांनी वरवर पाहता एकच युक्ती केली, दुसऱ्या देशाच्या मॉडेलाला रंग दिला. तरी एक मॉडेल खोटे ठरते आणि दुसरे खरे. हा फरक लिलावाच्या किमतीत दिसत नाही. तो कळायला कारखान्यांच्या नोंदी आणि जुनी छायाचित्रे चाळावी लागतात.

तयार मॉडेले नव्हती तेव्हा लोक स्वतः घडवत. इंचिकोरच्या कारखान्यात नकाशे काढणारे सिरिल फ्राय यांनी आयर्लंडच्या गाड्यांची हातांनी बनवलेली मॉडेले आयुष्यभर जमवली. १९७२ साली ते वारले. पुढे हा संग्रह मॅलहाइडच्या किल्ल्यात लोकांना पाहायला मिळत असे. २०१० मध्ये तो तिथून हलवावा लागला आणि २०२० साली त्याच गावातल्या कॅसिनो नावाच्या जुन्या घरात पुन्हा मांडला गेला. फ्राय यांच्यानंतरच्या पिढीने पितळी पत्र्याचे आणि रेझिनचे संच जोडले. अशा संचांत खिडक्यांची चौकट डाखायची, रिव्हेट उठवायचे, चाके-मोटर वेगळी विकत आणायची. एका डब्याला महिने लागत आणि अर्धवट राहिलेले संच खणात पडून राहत. आज परदेशी लिलावांत ‘तयार केलेले आयरिश मॉडेल’ म्हणून जे निघते त्यात या जुन्या संचांचा वाटा मोठा आहे, आणि इथे बनवणाऱ्याच्या हाताला किंमत असते. एकाच संचातून कसबी माणसाने उभे केलेले इंजिन आणि नवशिक्याने गोंदाचे ओघळ सोडत जोडलेले इंजिन यांची दुर्मीळता सारखीच असते.

खरा बदल या शतकात झाला, आणि तो समजायला आयर्लंडच्या डिझेल ताफ्याकडे पाहावे लागते. सीआयई आणि तिच्यातून १९८७ मध्ये निघालेल्या ईअरनरोड एअरन या कंपनीने अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडून पाच वर्गांची इंजिने घेतली: १२१ वर्गाची १५, १४१ची ३७, १८१ची १२, ०७१ची १८ आणि २०१ची ३२. बेरीज ११४. उत्तर आयर्लंडच्या रेल्वेने घेतलेली पाच धरली तर ११९. भारतात एखाद्या मोठ्या शेडमध्येच इतकी इंजिने असतात! २०१ वर्गाचे पहिले इंजिन तर १९९४ साली कॅनडातल्या लंडन, ऑन्टॅरिओ इथून अंतोनोव्ह विमानात घालून डब्लिनला आणले होते. त्या इंजिनातले ७१० मालिकेचे यंत्र मराठी प्रवाशाच्या ओळखीचे आहे. कोकण रेल्वेवर विजेच्या तारा येण्याआधी गाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूडीपी-४ कुळातल्या इंजिनांत त्याच मालिकेचे, फक्त चार सिलिंडर जास्त असलेले यंत्र होते. ताफा असा लहान आणि वर्ग मोजके असल्यामुळे छोट्या कंपनीलाही तो जवळजवळ पूर्ण कवेत घेता येतो. डब्लिनच्या मर्फी मॉडेल्सने नेमके तेच केले. १४१, १८१, ०७१, २०१ आणि नंतर १२१ ही इंजिने आणि क्रेव्हन्स डबे तिने एकामागून एक बाजारात आणले. त्यानंतर आलेल्या आयरिश रेल्वे मॉडेल्स या कंपनीने खडी वाहणाऱ्या वाघिणींपासून सुरुवात केली, सिमेंटच्या फुगीर टाक्या केल्या आणि मग ए वर्गाच्या इंजिनाला हात घातला. १९५५ ते ५७ दरम्यान आलेल्या या ६० इंजिनांतली क्रॉसली यंत्रे इतकी त्रासदायक ठरली की १९६८ पासून ती काढून जनरल मोटर्सची बसवावी लागली, आणि बदललेल्या इंजिनाच्या क्रमांकामागे ‘आर’ अक्षर लागले. मूळ चंदेरी रंगातला ए वर्ग आणि नारिंगी-काळा ‘आर’ वर्ग यांत छपरापासून जाळ्यांपर्यंत फरक आहेत. चांगले मॉडेल ते फरक दाखवते. संग्राहकाने पैसे द्यायचे ते याच कामासाठी.

हे काम होते चीनमधल्या कारखान्यांत, पोलादी साच्यांतून. गणपतीच्या मूर्तीसारखेच इथेही सुरुवातीचा मोठा खर्च साच्यात जातो. मूर्ती शंभर काढा की हजार, साच्याची किंमत तीच. म्हणून नवीन वाघिणीचा साचा कोरायला घ्यायचा की नाही, हे आगाऊ नोंदणी करणाऱ्या गिऱ्हाइकांवर ठरते. जुन्या मॉडेलावर लिलावात दुप्पट पैसे उधळले तर ते दुसऱ्या संग्राहकाच्या खिशात जातात. कंपनीला त्यातला एक छदामही मिळत नाही आणि पुढचे मॉडेल एक पाऊलही जवळ येत नाही. मोठ्या देशांच्या बाजारात या फरकाने बिघडत नाही, आयरिश बाजारात मात्र शे-दोनशे नोंदण्याही महत्त्वाच्या असतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की जे मॉडेल चुकीच्या रुळांवर उभे आहे त्याच्या अचूकतेच्या गप्पा कशाला? आक्षेप बिनतोड दिसतो. ही मॉडेले ४ मिलिमीटरला एक फूट या प्रमाणात बनतात. त्या हिशेबाने सव्वापाच फूट म्हणजे २१ मिलिमीटर. पण ती विकली जातात १६.५ मिलिमीटरच्या ब्रिटिश रुळांसाठी, म्हणजे प्रत्यक्षात ४ फूट १½ इंच. समोरून पाहिले तर इंजिन अरुंद पायांवर उभे राहिल्यासारखे दिसते. तरीही ही चूक सगळ्या मॉडेलांत सारखीच आहे आणि उघड आहे. ती सुधारताही येते. २१ मिलिमीटरवर मांडणी करणारे हौशी आहेत आणि आयरिश रेल्वे मॉडेल्सने काही मॉडेलांत चाके रुंद करायला जागाही ठेवली आहे. चुकीचे अंग मात्र दुरुस्त होत नाही. शिवाय या अडचणीचा इलाज आपल्याकडेही झालेला नाही. भारताच्या १६७६ मिलिमीटर रुळांचे १:८७ प्रमाणात १९ मिलिमीटरहून थोडे जास्त होतात, आणि इथले हौशीही १६.५वरच गाड्या चालवतात. पुण्याच्या कोथरूडमधले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहायला जाणाऱ्यांचा आनंद त्यामुळे कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप गुंतवणुकीचा: दुर्मीळ मॉडेल पुढे चढ्या भावाने विकता येते, मग वाईट काय? साचा जिवंत आहे तोवर ती दुर्मीळता उधारीची असते. कंपनीने नव्या क्रमांकाची, नव्या रंगाची दुसरी खेप काढली की जुन्याचा भाव उतरतो. त्यातच माल म्हातारा होतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल तर ओतीव सांगाडा वर्षांनी आपोआप फुगतो, तडकतो आणि भुगा होतो. न उघडलेल्या खोक्यातल्या इंजिनाचीही यातून सुटका नाही. तिसरा आक्षेप अधिक मनाला लागणारा आहे: तयार मॉडेलांनी घडवण्याची कला मारली. मला उलट दिसते. मुख्य इंजिने तयार मिळू लागली म्हणून हातात कसब असलेल्यांना कोणीच कधी बनवणार नाही अशा आडवाटेच्या गाड्यांसाठी वेळ मिळू लागला.

राहिला सीमाशुल्काचा प्रश्न, आणि तो सगळ्या रोमँटिक चर्चेवर पाणी ओततो. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनहून आयर्लंड प्रजासत्ताकात येणाऱ्या पार्सलावर मूल्यवर्धित कर लागतो, आता २३ टक्के, आणि २२ युरोंपर्यंतची सूट युरोपीय संघाने त्याच वर्षी १ जुलैला बंद केली. ब्रिटिश दुकानदार नव्या मालातून आपला २० टक्के कर वजा करू शकतो, पण जुने इंजिन विकणाऱ्या खासगी माणसाने कर आकारलेलाच नसतो, तर वजा काय करणार? डब्लिनच्या गिऱ्हाइकाला त्या जुन्या इंजिनाच्या पूर्ण किमतीवर, वर टपालखर्चावरही कर भरावा लागतो. उत्तर आयर्लंड मालापुरते युरोपच्या नियमांत राहिल्यामुळे बेलफास्टचा विक्रेता आज डब्लिनला लिव्हरपूलच्या विक्रेत्यापेक्षा सोयीचा आहे. भारतातल्या हौशीची अवस्था याहून बिकट. खेळणी आणि प्रमाणबद्ध मॉडेले एकाच शुल्कशीर्षात येतात. त्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० साली २० वरून ६० आणि २०२३ साली ७० टक्के झाले. व्यक्तिगत पार्सल कोणत्या शीर्षाखाली मोजले जाईल यावर अंतिम आकडा ठरतो, तेव्हा मागवण्याआधी चौकशी करावी.

आणि जुना माल घ्यायचाच असेल तर खोक्याच्या सुबक फोटोवर जाऊ नका. इंजिन उलटे करून काढलेला तळाचा फोटो मागा, त्यात सांगाडा सरळ आहे का आणि चाके मूळचीच आहेत का ते पाहा. क्रमांक आणि रंग एकाच काळातले आहेत का, हे जुन्या छायाचित्राशी ताडून घ्या. रुळावर चालताना काढलेली छोटी चित्रफीतही मागा. विक्रेता यातले काहीच द्यायला तयार नसेल, तर ते मॉडेल कितीही दुर्मीळ असो, पैसे पाठवू नका.