शेजारचे मांजर आणि उंदराचे औषध



ऊस विकास खात्याने मांजरावर लेख लिहावा हे पाहून काहींना हसू येईल. पण कारण तसेच घडले. आडसाली लागणीच्या गडबडीत एक सभासद गट ऑफिसात आले आणि म्हणाले, "साहेब, उंदराच्या औषधाची एक पुडी पाहिजे होती." आम्हाला वाटले उसात उंदीर लागला. खोदून विचारले तेव्हा कळले की ऊस झकास आहे. त्यांचा मुलगा नोकरीसाठी नालासोपाऱ्याला चाळीत राहतो. शेजारणीचे मांजर रोज घरात शिरते, दुधाचे पातेले लवंडते, गादीवर मुतते. त्यात सुनेला दिवस गेलेले. शेजारणीला सांगावे तर ती म्हणते, "मुकं जनावर, त्याला काय कळतंय?" दोन्ही घरांचे बोलणे बंद झालेले. तेव्हा पुडी भातात कालवून ठेवायची आणि मोकळे व्हायचे, असा बेत.

पुडी आम्ही दिली नाही. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लाशी मिळाले की त्याचा विषारी वायू होतो. उंदराच्या पोटात होतो तसाच मांजराच्या आणि माणसाच्याही पोटात होतो. त्यावर खास उतारा नाही. शिवाय 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला विष घालणे हा गुन्हा आहे, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली जनावर विष घालून मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते असे जुनी माणसे म्हणत, ते वेगळेच.

आमची थोरली बहीण वसईला दिलेली. तिकडे जायचेच होते, म्हणून सभासदांना बरोबर घेतले आणि आधी नालासोपाऱ्याला उतरलो.

वसई-विरार म्हणजे मांजरांचे माहेरच. 2009 साली महानगरपालिका झाली, इमारती उठल्या, पण अर्नाळा, नायगावचे कोळीवाडे आहेत, वलांडीवर बोंबील सुकतात, आणि घरोघरी मासळी साफ होते. जिथे मासळीचे पाणी तिथे मांजर. (जाता जाता सांगतो : वसईच्या बागायतीत पूर्वी केळीबरोबर ऊसही असे. 1882 च्या ठाणे गॅझेटियरात त्याची नोंद आहे. आता ऊस गेला, केळी, फुले, भाजीपाला राहिला.)

शेतात कीड दिसली की आपण आधी ती कुठून येते ते बघतो, तसे त्या खोलीत बघितले. मांजर गॅलरीच्या कठड्यावरून खिडकीच्या वरच्या मोकळ्या फटीतून येत होते. ओट्याखाली मासळीच्या कचऱ्याची बादली उघडी. आणि पोट पाहिले तर मांजर गाभण! मांजरी साधारण नऊ आठवड्यांत विते. दिवस भरत आले की कोरडी, अंधारी जागा शोधते. बाहेर धो धो पाऊस आणि यांचा पोटमाळा कोरडा, मग ती दुसरीकडे जाईल कशाला?

एवढ्यात सभासदांचा चार वर्षांचा नातू ताटली घेऊन दारात बसला. एक घास दूधपोळी स्वतः खायची, एक मांजराला. त्याच ताटलीत. आई झोपली की हा त्याचा रोजचा उद्योग होता म्हणे. सभासदांनी आमच्याकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत.

उपाय साधेच निघाले. खिडकीला बारीक जाळी ठोकली. मांजराचे डोके जिथून जाते तिथून अंगही जाते, म्हणून दोन बोटांची फटही ठेवली नाही. बादलीला घट्ट झाकण, दूध जाळीच्या कपाटात. पूर्वी शिंके होते ते उगीच नव्हते. नातवाची खानावळ बंद केली, कारण एकाने हाकलायचे आणि दुसऱ्याने घास घालायचा याने मांजर कधीच जात नाही.

मुताच्या जागी फिनेल ओतू नये. मांजर पंजे चाटते, त्याला ते बाधते. अमोनियाचे औषधही नको. त्याच्या वासावर ते पुन्हा तिथेच मुतते. साबणाच्या पाण्याने धुऊन, वर व्हिनेगरचे पाणी फिरवून गादी उन्हात टाकावी. लिंबा-संत्र्याच्या सालीचा वास मांजराला आवडत नाही, पण तो इलाज दोन-चार दिवसांचा.

सुनेची काळजी मात्र खरी होती. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परोपजीवी पसरतो आणि पोटातल्या बाळाला धोका करतो. विष्ठा पडल्यावर तो बाधण्याजोगा व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून घाण त्याच दिवशी काढावी, आणि गरोदर बाईने काढू नये. मांजर चावले किंवा बोचकारले तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो असे समजू नये.

राहिली शेजारीण. सभासद संध्याकाळी स्वतः तिच्याकडे गेले. तक्रार न करता नातवाची गोष्ट सांगितली. बाई हसली, मग म्हणाली, "मला वाटलं तुम्ही विषच घालाल." सभासद यावर काय बोलणार? ठरले ते असे : विण्यासाठी जुना खोका बाईंच्या गॅलरीत, जेवण दोन वेळा तिच्याच घरी, आणि पिल्ले दूध तोडली की मांजरीची नसबंदी आणि लस, खर्च निम्मा-निम्मा. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि वर्षात दोन-तीन वेळा विते, म्हणजे नसबंदीवाचून ही कटकट संपत नाही. पिल्ले चार झाली. एक बहिणीच्या वाडीत आले आहे.

आता आपल्या शेताचे. उसात उंदरासाठी आमिष ठेवाल तेव्हा ते बिळात आत सारून तोंड बुजवा, बांधावर उघडे टाकू नका. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा, कारण गावची मांजरे आणि घुबडे ते खातात आणि उंदीर मारणारेच मरतात. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर काही दिवस फिरत राहतो, तो तर सहज सापडतो. उरलेले औषध घरी आणू नका, आणि आमिष कालवलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.